व्हिटॅमिन सीच्या गोळ्या आणि पोटाच्या तक्रारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मेडिकलच्या काउंटरमागे मी बावीस वर्षं उभा आहे. २०२० च्या आधी व्हिटॅमिन सीची गोळी मागणारं माणूस आठवड्याला एखादं यायचं, तेही हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं. कोरोनाच्या दिवसांत या गोळ्या घरोघरी गेल्या आणि साथ ओसरली तरी तिथंच राहिल्या. आता मिसळणाच्या डब्याशेजारी एक स्ट्रिप पडलेली असते. छातीत जळजळ, मुरडा, पातळ शौच अशा तक्रारी घेऊन लोक येतात, रस्सा तिखट होता का, पाणी बाहेरचं प्यालो का, सगळं आठवून बघतात. त्या नारिंगी गोळीचं नाव मात्र विचारल्याशिवाय कोणी घेत नाही. म्हणून लोकांनी विचारलेले प्रश्न इथं लिहून काढलेत, जमेल तितके त्यांच्याच बोलीत.

सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली की पोटात कालवाकालव होते. असं का?

व्हिटॅमिन सी म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल. जठरात आधीच असलेल्या आम्लापेक्षा ते बरंच सौम्य आहे, त्यामुळे एका गोळीनं पोटाला भोक पडेल ही भीती नको. पण रात्रभर रिकामं राहिलेलं पोट, त्यात ५०० मिलिग्रॅम आम्ल एकाच जागी विरघळतंय, आणि वर लगेच कडक चहा, हे ज्याला मुळात पित्ताचा त्रास आहे त्याला जाणवतंच. मळमळ, आंबट ढेकर, छातीच्या मध्यभागी जळजळ, अशा तऱ्हेनं.

गोळी नाश्त्यानंतर घ्या. पोहे खाल्ले, भाकरी खाल्ली, मग गोळी. इतक्यानं निम्म्याहून जास्त लोकांची तक्रार थांबलेली मी पाहिली आहे. थांबली नाही तर गोळीची खरंच गरज आहे का, हे आधी बघायचं.

पण जुलाब का होतात? आंबटानं?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण हा उलगडला की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

लहान आतड्याच्या आतल्या अस्तरात व्हिटॅमिन सी आत घेणारी खास वाहक प्रथिनं असतात. ती सोडियमच्या सोबतीनं हे जीवनसत्त्व पेशीत ओढून घेतात. या वाहकांची संख्या ठरलेली आहे. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची रांग आठवा. बाहेर कितीही गर्दी असो, गाभाऱ्यापुढून एका वेळी जायची तेवढीच माणसं जातात. दिवसाला ३० ते १८० मिलिग्रॅम पोटात गेलं, म्हणजे साधारण जेवणातून जातं तेवढं, तर त्यातलं ७० ते ९० टक्के रक्तात पोचतं. हजार मिलिग्रॅमच्या पुढं गेलात की निम्म्याहूनही कमी.

मग उरलेलं जातं कुठं? आतड्यातच राहतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळानं पाणी सुटतं, तसंच आतड्यात साठलेलं हे ॲस्कॉर्बिक आम्ल भोवतालचं पाणी स्वतःकडे ओढतं. शौचास पातळ होते. गुबारा धरतो, मुरडा येतो. हे जंतुसंसर्गाचे जुलाब नव्हेत, त्यामुळे ताप नसतो, रक्त पडत नाही आणि गोळी थांबवली की थांबतात.

आता यातून निघणारी गोष्ट बघा. हजाराची एक गोळी घेणारा माणूस पैसे हजार मिलिग्रॅमचे देतो, रक्तात त्यातलं जेमतेम निम्मं जातं, आणि जे जात नाही तेच त्याला शौचालयात पाठवतं. शिवाय जे रक्तात गेलं त्यातलंही गरजेपेक्षा जास्त असेल ते मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर टाकतात. गिऱ्हाईक हजाराचीच मागतं तेव्हा मी हे प्रत्येकाला समजावून सांगतो. पाचशेची अर्धी गोळी जेवणानंतर घेतली तर तिचा मोठा हिस्सा अंगी लागतो.

दिवसाला लागतं तरी किती?

आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये भारतीयांसाठी दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला ८० मिलिग्रॅम, स्त्रीला ६५. गरोदर बाईला ८०, अंगावर पाजणाऱ्या आईला ११५. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांची गरज थोडी जास्त धरतात.

आणि वरची मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅम. हा आकडा ऐकून काहीजण म्हणतात, मग दोन गोळ्या चालतात की. तसं नाही. २००० ही घ्यायची मात्रा नव्हे, ओलांडू नये अशी वेस आहे, आणि ती वेस मुख्यतः जुलाब आणि पोटदुखी पाहूनच आखलेली आहे. नाजूक पोटाच्या माणसाला त्याच्या बऱ्याच आधी, हजारालाच, त्रास सुरू होतो.

पातळ शौचाला लागलंय. गोळी बंद करू की तशीच चालू ठेवू?

बंद करा. ही रक्तदाबाची किंवा थायरॉईडची गोळी नाही की एकदम थांबवली तर काही बिघडेल. एक-दोन दिवसांत पोट जागेवर येतं. तोवर ओआरएस, ताक-भात, मऊ खिचडी.

दोन दिवसांत नाही थांबलं तर दोष गोळीचा नाही असं समजा आणि दुसरीकडे शोधा. पावसाळ्यात तर आधी पाण्याकडे बघा. पंचगंगा पात्राबाहेर आली की त्यानंतरचे काही आठवडे जुलाब, कावीळ, उलट्या यांचे पेशंट वाढतात. त्या दिवसांत पाणी उकळूनच प्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आम्ही ओआरएसची खोकीच्या खोकी रिकामी केली आहेत, ते दिवस विसरता येत नाहीत. शौचातून रक्त, काळी डांबरासारखी शौच, ताप, लघवी कमी होणं, म्हातारं माणूस किंवा लहान मूल मलूल पडणं, यातलं काहीही असेल तर मेडिकलमध्ये थांबू नका, थेट दवाखान्यात किंवा सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात, जा.

माझ्या गोळीवर व्हिटॅमिन सीबरोबर झिंकही लिहिलंय. मळमळ त्यामुळे होते का?

बहुतेक वेळा हो. रिकाम्या पोटी झिंक घेतलं की अर्ध्या तासात पोट ढवळतं, काहींना उलटीही होते. लोक मात्र दोष आंबट चवीला देतात. जेवणानंतर घेऊन बघा. आणि झिंकची गोळी महिनोन्‌महिने आपल्या मनानं चालू ठेवू नका, त्यानं शरीरातलं तांबं कमी होतं.

कोरोनाच्या काळात या जोडीवर अमेरिकेत एक चाचणी झाली, २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. घरीच उपचार घेणाऱ्या २१४ रुग्णांत मोठ्या मात्रेतलं झिंक, मोठ्या मात्रेतलं व्हिटॅमिन सी (दिवसाला ८००० मिलिग्रॅम), दोन्ही एकत्र आणि नेहमीचे उपचार अशी तुलना केली. लक्षणं लवकर गेली नाहीत. मळमळ, जुलाब आणि पोटात मुरडा मात्र व्हिटॅमिन सी घेणाऱ्यांत जास्त दिसला.

एकानं सांगितलं, पोट सुटेपर्यंत मात्रा वाढवत न्यायची, मग थोडी कमी करायची. म्हणजे शरीराला किती लागतं ते कळतं. खरं आहे?

नाही. वर सांगितलं तसं, पोट सुटतं ते आतड्याची आत घ्यायची क्षमता संपली म्हणून. त्यातून शरीराची गरज मोजता येत नाही. हा सल्ला मोबाईलवर फिरत असतो आणि तो पाळून अंगातलं पाणी कमी झालेला एक तरुण माझ्यासमोर भिंतीला टेकून बसला होता. कृपा करून हे कोणी करू नका.

पोरगं तालमीत जातंय. पाण्यात फसफसणारी गोळी रोज दोनदा घेतंय. चालेल काय?

ही काळजी घेऊन येणाऱ्या आया-बापांना मी मनापासून दाद देतो, कारण पोरं स्वतः विचारत नाहीत.

त्या नळीतल्या गोळ्या बहुतेक हजार मिलिग्रॅमच्या असतात. दोन म्हणजे २०००, म्हणजे थेट वेशीवर. त्या फसफसतात त्या सोड्यामुळे, म्हणून एका गोळीत दोन-तीनशे मिलिग्रॅम सोडियम सहज जातं. लेबलवर लिहिलेलं असतं, वाचा. वायूमुळे ढेकर येतात, पोट फुगतं. जोर-बैठकांच्या आधी घेतली तर आणखी त्रास.

कष्टाचा आणि व्हिटॅमिन सीचा काही संबंध आहे का? आहे, थोडा. मॅरेथॉन धावणारे, बर्फात घसरणारे खेळाडू, थंडीत सराव करणारे सैनिक, अशांच्या पाच चाचण्यांत नियमित व्हिटॅमिन सी घेणाऱ्यांना सर्दी साधारण निम्म्या प्रमाणात झाली. पण त्यात मात्रा दिवसाला पाव ते एक ग्रॅम होती, दोन ग्रॅम नाही. पैलवानाचा खुराक दूध, बदाम, थंडाई असा भक्कम असतो, फळ मात्र त्यात मागे पडतं. त्या खुराकात रोज दोन पेरू घाला. पोरगं गोळी विसरेल.

मुतखडा झालेल्यानं घेतली तर?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. इथं मला माझी एक चूक सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी ओळखीचे एक काका हजाराच्या गोळ्या न्यायला यायचे. सलग तीन महिने मी त्या दिल्या. आधी कधी मुतखडा झाला होता का, हे मी विचारलंच नाही. चौथ्या महिन्यात ते आले ते कंबरेपासून जांघेपर्यंत कळ मारतेय म्हणून. सोनोग्राफीत खडा निघाला, आणि तेव्हा कळलं की दहा वर्षांपूर्वीही एक पडला होता. तो खडा गोळ्यांमुळेच झाला असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण विचारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. तेव्हापासून हजाराची गोळी मागणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

कारण असं की जास्तीच्या व्हिटॅमिन सीचा काही भाग शरीरात ऑक्झलेट होतो आणि बरेचसे खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. स्वीडनमध्ये पुरुषांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण जवळपास दुप्पट आढळलं. त्यात भर म्हणजे जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं की लघवी घट्ट होते, आणि ते खड्याला पोषकच. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या उन्हात शेतात राबणाऱ्यांनी तर हे नीट लक्षात ठेवावं.

मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी, वारंवार रक्त भरावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांनी, शरीरात लोह साठण्याचा आजार असलेल्यांनी आणि जी-६-पीडीची (रक्तातल्या तांबड्या पेशी जपणाऱ्या एका प्रथिनाची) कमतरता निघालेल्यांनीही मोठी मात्रा आपल्या मनानं घेऊ नये.

पोटाला न बाधणारी म्हणून महाग गोळी मिळते. खरंच बाधत नाही?

तिच्यात ॲस्कॉर्बिक आम्लाऐवजी सोडियम ॲस्कॉर्बेट किंवा कॅल्शियम ॲस्कॉर्बेट असतं. आंबटपणा कमी, म्हणून जळजळ कमी होते हे खरं. जुलाब मात्र त्यानं टळत नाहीत, कारण ते आंबटामुळे होतच नाहीत. सोडियमच्या प्रकारात १००० मिलिग्रॅममागे सुमारे १११ मिलिग्रॅम सोडियम येतं, रक्तदाबाच्या पेशंटनं ते धरून चालावं.

चघळायच्या गोळीत गोडीसाठी सॉर्बिटॉल असेल तर त्यानंही वायू धरतो. आणि चघळायची गोळी दातांना चिकटते, आम्लानं दातांचं आवरण झिजतं. खाल्ल्यावर चूळ भरा, पण लगेच ब्रश घासू नका.

गोळी छातीत अडकल्यासारखी वाटते, गिळताना दुखतं.

झोपताना घोटभर पाण्याबरोबर घेतली होती का? बहुतेक उत्तर हो असतं. आम्लाची गोळी अन्ननलिकेत चिकटून राहिली की तिथं व्रण पडू शकतो. बसून, पूर्ण ग्लास पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका. दुखणं दोन-तीन दिवसांत गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

पित्ताचं गुलाबी औषध आणि ही गोळी एकत्र घेतली तर चालते का?

नको. पित्ताच्या बऱ्याच पातळ औषधांत ॲल्युमिनियम असतं आणि व्हिटॅमिन सीमुळे ते रक्तात जास्त शोषलं जातं. दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर ठेवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ही जोडी नकोच. आणि मुळात गोळीनं जळजळ होते, जळजळीवर औषध, औषध आहे म्हणून पुन्हा गोळी, हे चक्र चालू असेल तर पहिली गोळी काढून टाकणं सगळ्यात सोपं.

रक्त वाढायच्या गोळीबरोबर व्हिटॅमिन सी घ्यायला सांगितलंय. त्यानं पोट आणखी बिघडतं.

डाळी, पालेभाज्या, बाजरी यांतलं लोह शरीराला सहज घेता येत नाही. व्हिटॅमिन सी त्याचं रूप बदलून ते घेण्याजोगं करतं, हे पक्कं आहे. म्हणून पालेभाजीवर लिंबू पिळणं ही आजीची सवय उत्तमच. पण लोहाच्या गोळीला सीच्या वेगळ्या गोळीची जोड दिल्यानं फार फरक पडत नाही, असं चीनमध्ये ४४० ॲनिमियाच्या रुग्णांवरच्या चाचणीत २०२० मध्ये दिसलं.

लोहाच्या गोळीनंच मुळात मळमळ होते, शौच काळी आणि घट्ट होते. वहिनी, तुम्हाला दोन्ही मिळून सोसत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. लोहाची गोळी सोडू नका. सीची सोडून त्याऐवजी जेवणात लिंबू घ्या. आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, कारण चहा लोह अडवतो. ही शेवटची गोष्ट पाळणं लोकांना सगळ्यात जड जातं हे मला माहीत आहे.

आम्ही लिंबू पिळतो, हिरवी मिरची खातो. मग गोळी कशाला?

बरोबर. हाच प्रश्न सगळ्यांनी विचारावा असं मला वाटतं.

पेरूत १०० ग्रॅममागे २०० मिलिग्रॅमच्या वर व्हिटॅमिन सी असतं. म्हणजे एका मध्यम पेरूत दिवसाची गरज भागून वर उरतं. आवळ्यात त्याहूनही जास्त. एका लिंबाच्या रसात पंधरा-वीस मिलिग्रॅम, म्हणजे लोक समजतात तेवढं नाही, पण दोन वेळच्या जेवणात मिळून बऱ्यापैकी होतं. हिरवी मिरची, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, कोबी, सगळ्यात आहे. फक्त ते उष्णतेनं नासतं आणि पाण्यात उतरतं. तांबड्या रश्श्यात उकळलेलं जातं, वाटीत वरून पिळलेल्या लिंबातलं राहतं. मिसळीवरचा कच्चा कांदा आणि लिंबाची फोड याही अर्थानं उपयोगाची आहे.

आणि पोटाच्या बाजूनं बघायचं तर फळातलं जीवनसत्त्व तंतूमय गरातून हळूहळू सुटतं, थोडं थोडं आतड्यापुढं येतं. रांग लागत नाही. पेरूनं कोणाला असे जुलाब झालेले मी ऐकलेले नाहीत. पेरू जास्त खाऊन पोट गच्च झालेले मात्र पाहिलेत, तेव्हा एक-दोन पुरे. पित्ताच्या माणसाला कच्चा आवळा सोसत नसेल तर जेवणात आवळ्याची चटणी थोडी थोडी घ्यावी. मोरावळ्यात काही भाग शिल्लक राहतो, पण साखर किंवा गूळ भरपूर, मधुमेह असेल तर नको.

गोळी लागते ती कोणाला, तर ज्यांच्या खाण्यात फळ-भाजी जवळपास नसतेच त्यांना. एकटी राहणारी म्हातारी माणसं, दारूच्या आहारी गेलेले, आतड्याच्या आजारानं अन्न अंगी न लागणारे, डॉक्टरांनी तपासून सांगितलेले. त्यांना मी स्वतः आठवण करून गोळी देतो.

सर्दी झाली की लगेच सुरू करतो. उपयोग होतो ना?

सर्दी झाल्यावर सुरू करून काही फरक पडत नाही, असंच चाचण्यांत दिसतं. वर्षभर रोज घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी सुमारे ८ टक्के, मुलांची १४ टक्के कमी दिवस टिकते. म्हणजे आठवड्याच्या सर्दीत मोठ्यांचा अर्धा दिवस, मुलांचा एक.

लहान मुलं चॉकलेट समजून ही गोळी मागतात. किती द्यावी?

तीन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी अमेरिकेत आखलेली कमाल मर्यादा दिवसाला ४०० मिलिग्रॅम, आठ वर्षांपर्यंत ६५०. बाजारातली चघळायची एक गोळी बहुधा ५०० ची. तुम्हीच हिशेब करा. डबा उंचावर ठेवा, चॉकलेट म्हणून हातात देऊ नका. एका बाईंच्या चार वर्षांच्या मुलीनं सात-आठ गोळ्या खाल्ल्या होत्या, रात्रभर जुलाब झाले. सुदैवानं तेवढ्यावर निभावलं.

तपासणीच्या आधी बंद करावी लागते का?

शौचातलं न दिसणारं रक्त शोधायची जी जुन्या पद्धतीची तपासणी असते, तिच्या आधी तीन दिवस दिवसाला २५० मिलिग्रॅमहून जास्त घेऊ नये. नाहीतर रक्त असूनही नाही असं उत्तर येतं. पोटाच्या रोगात ही चूक महागात पडू शकते, म्हणून लॅबमध्ये नमुना देताना गोळीचं नाव सांगाच. लघवीच्या पट्टीवरही परिणाम होतो. मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांना काही ग्लुकोमीटर साखर खोटी वाढलेली दाखवतात.

लघवी पिवळीजर्द होते, ती यामुळेच?

नाही, ते बी-कॉम्प्लेक्समधलं रायबोफ्लेविन. व्हिटॅमिन सीला रंग नसतो.

डब्यातल्या गोळ्यांवर तपकिरी ठिपके आलेत. घेतल्या तर पोट बिघडेल का?

हवेतल्या दमटपणानं व्हिटॅमिन सी नासायला लागलं की तो रंग येतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उघड्या डब्यात ठेवलेल्या गोळ्यांचं हे हमखास होतं. विष होत नाही, पण गुणही उरत नाही. टाकून द्या, आणि पुढच्या वेळी शंभर गोळ्यांची बाटली घेण्याआधी घरातलं फळांचं टोपलं बघून या.